एन्झाइमचं जनुक वाढलं म्हणजे कीड तगली का?

प्रश्न: मी ठाण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. एरंडाच्या पानांवर वाढवलेल्या स्पोडोप्टेरा लिट्युरा या पानं खाणाऱ्या किडीच्या अळ्या ४० अंश सेल्सिअसला ठेवून सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटॅलेज या एन्झाइमांच्या जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे ती किती सक्रिय आहेत ते, मोजायची, असा माझा प्रकल्प आहे. वाढ दिसली तर 'ही कीड उष्णता सहन करते' असं लिहिता येईल का? दुसरं, मुरबाडजवळ मामांची भेंडी आहे. तिथले तुडतुडे आणि पांढरी माशी औषधाला दाद देईनाशी झाली आहे. उन्हाळे तापत चालल्यामुळे किडीची हीच जनुकं बळावली, असं असेल का?

उत्तर: पहिल्याचं उत्तर नाही, तेवढ्यावरून तसं लिहिता येणार नाही. दुसऱ्याचं उत्तर बहुधा नाही, मात्र या जनुकांचा थोडा हात असू शकतो. असं का, ते नीट कळलं तर तुमचा प्रकल्प पक्का होईल आणि मामांचे औषधाचे पैसे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. किडींवरच्या चाचण्या हेच माझं काम राहिलं आहे आणि त्यातला मोठा काळ वाशीला, निर्यातीच्या फळांवरच्या प्रक्रियांशी संबंधित कामात गेला. त्या कामाने माझं जे मत बनलं तेच इथे मांडते आहे.

आधी पेशीत काय घडतं ते पाहू. अळीच्या पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा मायटोकॉन्ड्रियात काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. तापमान वाढलं की चयापचय वाढतो, पटलं सैल होतात आणि ही गळतीही वाढते. सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करणारं एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजेच एसओडी. त्याचं हे काम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिलं. पण हायड्रोजन पेरॉक्साइड हा काही निरुपद्रवी पदार्थ नव्हे. पेशीतल्या मोकळ्या लोहाशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते स्निग्ध पटलं, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्यावर तुटून पडतं. म्हणून पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं कॅटॅलेज किंवा पेरॉक्सिरेडॉक्सिनसारखी एन्झाइम लगेच पुढच्या पायरीवर उभी हवीत. वाशीच्या बाजारात ट्रक भराभर रिकामे झाले, पण गाळ्यातून माल उचलला गेला नाही, तर रस्त्यावरची कोंडी गाळ्यात येते, तसंच हे आहे. एकटं एसओडी वाढून कॅटॅलेज मागे राहिलं तर अळीची स्थिती सुधारेलच असं नाही, ती बिघडूही शकते. त्यामुळे दोनपैकी एकाच जनुकाचा आलेख पाहून निष्कर्ष काढू नका.

एसओडीही एकच नाही. तांबं आणि जस्त असलेलं एसओडी पेशीद्रवात असतं, मँगनीज असलेलं मायटोकॉन्ड्रियात, आणि कीटकांमध्ये पेशीबाहेर सोडलं जाणारंही एक असतं. उष्णतेचा पहिला फटका मायटोकॉन्ड्रियाला बसतो, म्हणून मँगनीजवाल्याकडे जास्त लक्ष द्या. जनुक मोजताना ते हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, कोणत्या जनुकासाठी आहे याची खात्री करा. नुसतं 'एसओडी वाढलं' असं लिहिलेल्या प्रबंधातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

कीटकांची एक गोष्ट फार कमी जण ध्यानात घेतात. ग्लुटाथायोन हा पेशीतला एक अँटिऑक्सिडंट, पण तो वापरल्यावर पुन्हा कामाला लावणारं ग्लुटाथायोन रिडक्टेज हे एन्झाइमच ड्रोसोफिला माशीत नाही. त्याचं काम थायोरेडॉक्सिनची यंत्रणा करते, हे २००१ साली सिद्ध झालं. आपल्या शरीरात सेलेनियमवर चालणारं जे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आहे, तेही ड्रोसोफिलात तसं नाही. उंदराच्या यकृतासाठी बनवलेलं किट आणून अळीच्या अर्कात घालायचं आणि आलेला आकडा त्याच नावाने छापायचा, ही पद्धत म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. आपल्या किडीत ते एन्झाइम आहे की नाही हे आधी जनुकसंचात पाहावं. स्पोडोप्टेरा लिट्युराचा जनुकसंच उपलब्ध आहे, तेव्हा हे काम संगणकावर बसून होण्यासारखं आहे.

पाने खाणाऱ्या अळीला उष्णतेखेरीज आणखी एक ताण रोजच सोसावा लागतो, तो म्हणजे तिचं अन्न. झाडं फिनॉल, क्विनोन, फ्युरानोकौमरिन अशी रसायनं तयार करतात आणि ती अळीच्या आतड्यात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत याच विषयावर सुंदर काम झालं. गाजर-कोथिंबिरीच्या कुळावर जगणाऱ्या काळ्या स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळीत ही एन्झाइम भरपूर आढळली, तर कोबीवरच्या लूपर अळीत कमी. पहिलीच्या अन्नातच अशी विषारी रसायनं असतात, त्यामुळे तिची तयारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती तयारी तिच्यात आधीपासूनच असते, ताण आल्यावर नव्याने करावी लागत नाही.

तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. उष्णता दिल्यावर जनुकाची अभिव्यक्ती तिप्पट झाली, तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात. अळी स्वतःला वाचवते आहे. किंवा अळीची हानी झाली आहे आणि त्या हानीमुळे धोक्याचा इशारा सुरू झाला आहे. किंवा हे जनुक त्या इशाऱ्याच्या साखळीत सीएनसीसी नावाच्या नियामकाखाली येतं म्हणून बाकीच्या शंभर जनुकांबरोबर वाढलं, त्याचा जगण्याशी थेट संबंध काहीच नाही. नुसता क्यूपीसीआरचा, म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख या तिघांत फरक करू शकत नाही. उलट जी लोकसंख्या खरोखर काटक असते तिच्यात हे एन्झाइम मुळातच जास्त असू शकतं आणि उष्णतेनंतर त्यात फारशी वाढच दिसत नाही. वाढ कमी म्हणून तिला नाजूक ठरवलं, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

हे निव्वळ तर्क नाहीत. ऑर आणि सोहल यांनी १९९४ साली ड्रोसोफिलात एसओडी आणि कॅटॅलेज दोन्ही वाढवून माश्यांचं आयुष्य लांबल्याचं दाखवलं, तेव्हा सगळीकडे तेच उद्धृत होऊ लागलं. पुढे २००३ मध्ये ऑर यांच्याच गटाने मुळातच दीर्घायुषी असलेल्या माश्या घेऊन प्रयोग केले आणि तो फायदा जवळजवळ दिसेनासा झाला. मूळ जात अशक्त असेल तर जास्तीचं एन्झाइम उपकारक ठरतं, सशक्त असेल तर त्याने फारसं काही बदलत नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून त्याची मर्यादा छापणाऱ्या या गटाबद्दल मला मनापासून आदर आहे. याउलट एन्झाइम काढून घेतल्यावर काय होतं याचे पुरावे जास्त ठोस आहेत. मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी नसलेल्या ड्रोसोफिला प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाहीत. ॲनॉफिलिस डासात कॅटॅलेज दाबलं की अंडी कमी होतात, हे २००७ साली दाखवलं गेलं. या शेवटच्या गोष्टीने मला फार शिकवलं. अळी जगली की मेली एवढंच मोजलं असतं तर हा परिणाम हातून निसटलाच असता.

वाशीच्या कामात हा मुद्दा रोज समोर असतो. २०१४ साली खेपांमध्ये फळमाश्या सापडल्या म्हणून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती उठली. युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटं, जपानसाठी गरातलं तापमान ४७.५ अंशांवर नेऊन तिथे २० मिनिटं वाफेची उष्णता, अशा प्रक्रिया आहेत. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर वाशीच्या राज्य कृषी पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण करतात, किमान ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक). उष्णता आणि विकिरण, दोन्ही फळातल्या अळीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. म्हणजे तुमचा प्रकल्प ज्या प्रश्नावर आहे त्यावर इथे प्रत्यक्ष खेपा अवलंबून असतात.

विकिरणानंतर फळ कापलं तर आत जिवंत, हलणारी अळी सापडू शकते, आणि तरी प्रक्रिया यशस्वी मानली जाते. कारण कसोटी ही आहे की त्या अळीचा प्रजननक्षम प्रौढ होता कामा नये. फळमाश्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात १५० ग्रेची मात्रा तर प्रौढ माशी बाहेरच पडू नये या कसोटीवर ठरली आहे. अशा अळीत दुसऱ्या दिवशी एसओडी मोजलं तर ते वाढलेलं दिसण्याची पुरेपूर शक्यता आहे. पण पुढे ती कोषातून बाहेरच येत नाही. मग तिला सहनशील कसं म्हणायचं?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ४०० ग्रेची सर्वसाधारण मात्रा सगळ्या कीटकांना लागू धरली जाते, पण पतंग-फुलपाखरांच्या वर्गातले कोष आणि प्रौढ तिच्यातून वगळले आहेत. हा वर्ग विकिरणाला माश्यांपेक्षा कितीतरी पट टिकतो. त्यामागे त्यांच्या गुणसूत्रांची वेगळी रचना, डीएनए दुरुस्तीची क्षमता आणि अँटिऑक्सिडंट यंत्रणा, तिन्हींचा वाटा मानला जातो. कॅरिबियन फळमाशीवरच्या २०१२ च्या प्रयोगात विकिरणाआधी थोडा वेळ प्राणवायूशिवाय ठेवलेल्या माश्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली, विकिरणाची हानी घटली आणि नर मिलनासाठी जास्त तडफदार राहिले. वंध्य नर सोडून कीड आवरायची असेल तेव्हा हा फायदा आहे. फळाच्या पेटीत मात्र हीच गोष्ट धोक्याची ठरते, कारण प्राणवायू कमी असलेल्या बंद पाकिटात विकिरण केलं तर मात्रा अपुरी पडू शकते. उष्णतेचंही तसंच. फळ फार सावकाश तापवलं तर आतल्या अळीला तयारीला वेळ मिळतो आणि नंतरची तीव्र उष्णता ती जास्त सोसते. म्हणजे ही जनुकं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचा उपयोग झाला की नाही, हे फक्त शेवटच्या परिणामावरून ठरतं.

आता तुमचा प्रकल्प. जनुकं मोजाच, पण ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या क्रमांकावर जगणं: उष्णता दिलेल्या आणि न दिलेल्या अळ्यांपैकी किती कोषात गेल्या, किती पतंग बाहेर पडले, माद्यांनी किती अंडी घातली, त्यांतली किती उबली. दुसऱ्या क्रमांकावर हानी: पटलांच्या ऑक्सिडीकरणाचं मोजमाप म्हणून मॅलोनडायअल्डिहाइड. एन्झाइम वाढलं, हानी कमी राहिली आणि अळ्या जगल्या, असं तिन्ही एकत्र दिसलं तर तुमच्या वाक्याला आधार मिळेल. एन्झाइम वाढलं आणि हानीही वाढली, तर तो फक्त ताणाचा पुरावा. आणि अभिव्यक्तीबरोबर एन्झाइमची प्रत्यक्ष क्रियाही मोजा, कारण आरएनए वाढला म्हणून प्रथिन त्याच प्रमाणात वाढेलच असं नाही. एसओडीसाठी एनबीटीची पद्धत आणि कॅटॅलेजसाठी २४० नॅनोमीटरवर पेरॉक्साइडची घट, या दोन्ही कुठल्याही महाविद्यालयाच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होतात.

काही गोष्टी पुस्तकात ठळक लिहिलेल्या नसतात म्हणून सांगते. एरंडाच्या पानात स्वतःचं कॅटॅलेज आणि एसओडी भरपूर असतं. अख्खी अळी वाटलीत तर तिच्या आतड्यातलं पानही मोजलं जाईल. आतडं सोलून आतला घास काढून टाका, किंवा अळ्या काही तास उपाशी ठेवा. उपाशी ठेवणं हाही ताणच आहे, तेव्हा नियंत्रण गटालाही तेवढाच वेळ उपाशी ठेवलं पाहिजे. अर्क काळा पडू लागला तर तो मेलॅनिनमुळे. फिनाइलथायोयुरियाचे थोडे स्फटिक आधीच घातले की ते थांबतं, पण ते विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. कात टाकण्याच्या सुमारास ही एन्झाइम आपसूक वर-खाली होतात, म्हणून एकाच दिवशी कात टाकलेल्या अळ्या घ्या.

उष्णता देतानाही काळजी हवी. इन्क्युबेटरच्या पडद्यावर ४० दिसलं म्हणजे बरणीतली अळी ४० ला पोहोचली असं नाही. पातळ भिंतीच्या नळ्या पाण्याच्या टाकीत बुडवा आणि एका रिकाम्या नळीत थर्मोकपल ठेवून खरं तापमान नोंदवा. कोरड्या हवेत अळी उष्णतेआधी पाणी गमावून कोमेजते, मग तुम्ही मोजता आहात ती तहान. ओलसर कागद ठेवा. क्यूपीसीआरसाठी तुलनेचं स्थिर जनुक, म्हणजे संदर्भ, म्हणून नुसतं ॲक्टिन धरू नका. उष्णतेत तेही हलू शकतं. निदान दोन संदर्भ जनुकं घ्या आणि ती तुमच्या परिस्थितीत स्थिर आहेत हे दाखवा. एकाच वेळी एकच नमुना घेऊन भागणार नाही: उष्णता संपताच, मग काही तासांनी, मग दुसऱ्या दिवशी, असे किमान तीन टप्पे हवेत.

आणि कार्यकारण दाखवायचं असेल तर एन्झाइम अडवून बघावं लागेल. आरएनए हस्तक्षेप, म्हणजे दुहेरी आरएनए देऊन जनुक दाबण्याची पद्धत, पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात छान चालतो, पण पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात आणि रक्तात दुहेरी आरएनए लवकर तुटतो. एम.एस्सी.च्या मुदतीत त्यावर विसंबू नका. त्याऐवजी अमिनोट्रायझोल हे कॅटॅलेजचं अवरोधक कृत्रिम खाद्यात मिसळून द्या, कॅटॅलेजची क्रिया खरंच घटली याची खात्री करा, मग उष्णता द्या आणि किती जगल्या ते मोजा. अवरोधक दिलेल्या पण उष्णता न दिलेल्या अळ्यांचा गट विसरू नका. कॅटॅलेज अडल्यावर उष्णतेतली मर ठळक वाढली, तर या एका प्रयोगाने तुमच्या सगळ्या आलेखांना अर्थ येईल. एवढं करूनही हा गुण पिढीजात आहे असं म्हणता येणार नाही. त्यासाठी मुरबाडच्या आणि एखाद्या थंड भागातल्या अळ्या प्रयोगशाळेत एकाच तापमानाला किमान दोन पिढ्या वाढवून मग त्यांची तुलना करावी लागेल. ते पीएच.डी.चं काम आहे, आणि करण्यासारखं आहे.

आता मामांची भेंडी. औषधाला दाद न देण्याची मुख्य कारणं दोन: औषध ज्या जागी जाऊन बसतं ती जागाच किडीत बदललेली असते, किंवा कीड औषध मोडून टाकते. पांढऱ्या माशीत इमिडाक्लोप्रिड मोडणारं एन्झाइम सायटोक्रोम पी४५० कुळातलं आहे. अँटिऑक्सिडंट एन्झाइमांचा संबंध तिसऱ्या बाजूने येतो. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यावर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की पायरेथ्रॉइड गटाच्या औषधाने त्याच्या शरीरातल्या स्निग्धांचं ऑक्सिडीकरण होतं, आणि प्रतिकारक तुडतुड्यांतलं वाढलेलं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे ग्लुटाथायोन वापरणारं एन्झाइम त्या हानीपासून त्याला वाचवतं. तेव्हा हा हातभार खरा आहे. पण मुरबाडच्या उन्हाने तो निर्माण केला असं म्हणायला आधार नाही. तो निर्माण होतो एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा, कधी अर्ध्या मात्रेत, मारल्याने. जी कीड वाचते तीच पुढची पिढी घालते. पायरेथ्रॉइडने तर मित्रकीटकही मरतात आणि रस शोषणारी कीड उलट फोफावते. भातात तपकिरी तुडतुड्याचं आणि भाजीत पांढऱ्या माशीचं असं झालेलं आहे.

पण प्रतिकारशक्तीचा संशय घेण्याआधी एक साधी तपासणी करा, ती तुम्हीच मामांसोबत करू शकता. तुडतुड्यांची पिल्लं असलेली भेंडीची पानं सकाळी देठासकट तोडून आणा. मामा वापरतात तेच औषध लेबलवरच्या मात्रेने साध्या पाण्यात कालवा. काही पानांवर पिल्लं तशीच ठेवून ती त्यात बुडवा, काही नुसत्या पाण्यात. देठाला ओला कापूस गुंडाळा, पानं हवेशीर झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मेलेली-जिवंत मोजा. औषधाच्या डब्यात बहुतेक मेली आणि पाण्याच्या डब्यात जगली, तर औषध चांगलं आहे, ते किडीपर्यंत पोहोचत नाही. मग पंपाचं नोझल पाहा, झिजलेलं असेल तर बदला. पानाच्या खालच्या बाजूला फवारा लागतो का ते पाहा, कारण दोन्ही किडी तिथेच बसतात. भर दुपारी फवारणी करू नये, आणि तीन-चार औषधं एकाच टाकीत कालवू नयेत.

औषधाच्या डब्यातही बरीच पिल्लं जिवंत राहिली, तर त्या गटाचं औषध या हंगामात पूर्ण थांबवायला सांगा. त्याच गटाचं दुसऱ्या नावाचं औषध आणणं म्हणजे काहीच न बदलणं, म्हणून डब्यावर गटाचा क्रमांक वाचून वेगळ्या गटाचं, भेंडीवर शिफारस असलेलंच घ्यावं. पुढच्या फवारण्यांत गट आलटून पालटून ठेवावेत आणि तोडणीपूर्वीचा थांबण्याचा काळ पाळावा, विशेषतः माल निर्यातीच्या पेटीत जाणार असेल तर. बांधावरचं तण काढावं, पिवळे चिकट सापळे लावून माशीची संख्या बघत राहावं. पिवळ्या शिरांच्या रोगाची झाडं दिसताच उपटावीत, कारण तो रोग पांढरी माशीच पसरवते.

जिवंत राहिलेली पिल्लं फेकू नका. तुमच्या प्रयोगशाळेत हीच पानबुडी चाचणी वाढत्या मात्रांवर करा, एका संचात औषधाआधी पायपरोनिल ब्युटॉक्साइड आणि दुसऱ्यात डायइथाइल मॅलिएट द्या. पहिलं पी४५० ला अडवतं, दुसरं ग्लुटाथायोन संपवतं. ज्या संचात मर वाढेल त्या बाजूला बोट दाखवता येईल. डायइथाइल मॅलिएटने मर ठळक वाढली, तर मामांच्या शेतातल्या किडीत अँटिऑक्सिडंट यंत्रणेचा हात असल्याचा तुमचा तर्क पुढे तपासण्यासारखा आहे, आणि त्या वेळी त्याच तुडतुड्यांतलं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज मोजायला घ्या.